तिसऱ्या आंब्याची भेग

चैत्र संपत आला की बारामतीजवळच्या जळोचीतल्या आमच्या गच्चीवर सकाळी एक आवाज ऐकू येतो. घारीसारखाच, पण घारीपेक्षा किरकिरा, कुणीतरी शेजाऱ्याची तक्रार घेऊन आल्यासारखा. मी पिळलेली चादर दोरीवर अर्धवट टाकते आणि कठड्याशी जाते. समोरच्या विलायती शिरीषावरून राखाडी रंगाचा, लांब शेपटीचा, चोचीच्या बाबतीत निसर्गानं जरा जास्तच सढळ हात दाखवलेला एक पक्षी निघतो. चार वेळा पंख मारतो, थोडा तरंगतो, पुन्हा चार वेळा मारतो आणि पलीकडच्या वस्तीवरून दिसेनासा होतो. धनेश. यंदाही आला, असं मी मनाशी म्हणते, आणि माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप अंगठ्यावर घासलं जातं. तिथं आता काही खूण उरलेली नाही. चादर मात्र खाली पडलेली असते आणि ती परत धुवावी लागते.

या आवाजाला माझा एक वैशाख चिकटून राहिलाय. फार जुना नाही, चार वर्षांपूर्वीचा. कैरीचा चीक, विहिरीच्या कडेला पडून फुटलेल्या उंबरांचा आंबूस वास, डोळ्यांत घालायच्या औषधाची ती इवलीशी बाटली, आणि शेण कालवलेल्या चिखलाचा हाताला बसलेला गारवा. यांतलं एक काही समोर आलं की बाकीचं सगळं मागोमाग येतं.

बारामतीतल्या एका दवाखान्यात मी एक्स-रे काढते. माणसाच्या आत काय आहे ते बाहेरून बघायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. बटण दाबायच्या आधी मी दाराशी उभी राहून मोठ्यानं विचारते, "आत कुणी राहिलंय का?" पेशंटशिवाय दुसरं कुणी खोलीत नको, असा नियम आहे. नातेवाइकांना बाहेर जायला सांगितलं तरी एखादी आजी पिशवी सांभाळत पडद्यामागं बसलेली असतेच. म्हणून खोली रिकामी दिसली तरी मी विचारते. हे वाक्य तोंडात इतकं बसलंय की घरी न्हाणीघराचा दिवा घालवतानाही मी ते विचारते आणि आतून नवरा ओरडतो, "आहे, मी आहे."

कॅमेरा चाळिशीनंतर हातात आला. दिवसभर हाडांचे फोटो काढून तुझं मन भरत नाही का, असं नवरा विचारायचा. नव्हतं भरत. हाडं बोलावल्यावर येतात, सांगितल्यावर श्वास रोखतात. पाखरू कुणाचं ऐकत नाही, आणि मला तेच आवडायचं.

धनेश हा खरा जंगलातला पक्षी. त्याला पोकळी असलेली म्हातारी झाडं लागतात आणि वड, पिंपळ, उंबराची फळं लागतात. आमच्याकडं बघावं तिकडं ऊस. तरी माझ्या माहेरी, निरवांगीला, तो होता. मला याचंच कुतूहल लागून राहिलं. हा राहतो कुठं? कुठलं जंगल सापडलं याला इथं? मग त्याच्या मागंमागं फिरताना हळूहळू दिसायला लागलं. विहाराच्या आवारातला पिंपळ, आमच्या विहिरीवरचं उंबर, ओढ्याकाठच्या चिंचा, कुणाच्या तरी बांधावरचा एकटा कडुनिंब. आमच्या लेखी ही सगळी वेगवेगळ्या मालकांची, एकमेकांशी संबंध नसलेली झाडं. तो मात्र पिंपळावरून निघून उंबरावर आणि उंबरावरून चिंचेवर असा जायचा, की मधला ऊस जणू नव्हताच. त्याचं जंगल शाबूत होतं, फक्त पांगलेलं होतं.

आणि या जंगलात आमच्या बांधावरचे पाच आंबे होते. आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी ते लावले, असं घरात सांगतात. मला पोहायला शिकवलं ते याच आंब्यांखालच्या पाटात, आणि कैऱ्या चोरल्या म्हणून मार खाल्ला तोही याच आंब्यांखाली. स्वतःच्याच झाडाच्या कैऱ्या चोरीच्या कशा, हे मला अजून कळलेलं नाही.

या पाच झाडांचे डॉक्टर म्हणजे तात्या, माझे धाकटे चुलते. खोडकिडा हा त्यांचा आयुष्यभराचा वैरी. झाडाला कुठं भोक दिसलं की ते तारेनं साफ करायचं, औषधात भिजवलेला कापूस आत कोंबायचा आणि वरून शेण-मातीचा चिखल थापीनं लिंपून भोक बंद करायचं. हे काम आमच्याकडं बरेच बागायतदार करतात, पण तात्यांचा त्यात जीव असायचा. "भोक म्हंजी दातातली कीड. आज बारीक दिसतीया, उद्या दाढ काढाय लागंल," असं म्हणत ते घमेलं आणि थापी घेऊन फिरायचे. पाची आंब्यांच्या खोडांवर अशी दहा-बारा ठिगळं होती. मला ती सवयीनं दिसेनाशी झाली होती.

त्या वैशाखात काकूच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिला वाकायचं नव्हतं, चुलीपुढं जायचं नव्हतं, आणि दिवसातून सहा वेळा डोळ्यात औषध घालायचं होतं. मी साठवलेली रजा काढून निरवांगीला गेले. काकूची सेवा करायला गेले, असं सगळ्यांना सांगितलं. बॅगेत खाली कॅमेरा होता.

कारण मला एक फोटो हवा होता. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच जाईल एवढीच उभी भेग ठेवते. मग आठवडेच्या आठवडे ती त्या अंधारात. पंखांची पिसंही झडून जातात म्हणतात, म्हणजे उडायचं ठरवलं तरी उडता येऊ नये. बाहेरून नर त्या भेगेतून एकेक फळ तिला भरवतो. हे वाचल्यापासून माझी झोप उडाली होती. भेग किती रुंद ठेवायची हे तिला कोण सांगतं? आत दिवस आणि रात्र कसं कळत असेल? नराला काही झालं तर? मला ती भेग हवी होती, तिच्या बाहेर नर आणि चोचीत फळ. बस, एवढा एकच फोटो.

म्हणून मी नराच्या मागं लागले. पहाटे काकूच्या डोळ्यात पहिला थेंब घालायचा आणि निघायचं. विहाराच्या पिंपळाखाली उभं राहायचं. तो यायचा, फळं खुडायचा, गळ्यात साठवायचा. गळा फुगलेला दिसला की मी कॅमेरा छातीशी धरून तयार व्हायचे, कारण आता तो तिच्याकडं जाणार. आणि तो उडायचा, मी खोडव्यातून धडपडत त्याच्या मागं. उसाच्या पात्यांनी हात चिरायचे. दोनशे पावलांत तो नाहीसा व्हायचा. रोज एकाच दिशेला, आमच्याच शेताकडं, आणि तिथून पुढं कुठं, ते कळायचं नाही. ओढ्याकाठच्या सगळ्या चिंचा मी खालून-वरून तपासल्या. नाल्यापलीकडच्या कडुनिंबाखाली दोन दिवस काढले. विहारात बुद्धपौर्णिमेची तयारी चालली होती. माळा बांधणाऱ्या बायका मला बघून हसायच्या. "सुजाता ताई, मान मोडंल की हो," असं एकीनं सांगितलंसुद्धा.

संध्याकाळी तात्या विचारायचे, "घावलं का तुजं ते नाकावर नाक आलेलं पाखरू?"

"न्हाय की वो तात्या."

"आगं, ती बाई सोताला कोंडून घेतीया म्हंजी तिला कुनी बघू नये आसंच वाटत आसंल की."

काकू काळ्या चष्म्याआडून म्हणायची, "बाळतिनीला कशाला बघाय जातीस? सव्वा म्हयना झाला की येती आपली बाहीर."

हे तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं.

परवा दवाखान्यातल्या एका मैत्रिणीनं विचारलं, तुझ्याकडं एखादा पाखराचा भारी फोटो असेल तर दे, मोठा करून वेटिंगमध्ये लावू. माझ्याकडं आहे. मी आजवर काढलेला सगळ्यात चांगला फोटो आहे तो. सकाळचं कोवळं ऊन, आंब्याचं काळं खोड, त्याला शेपटीचा टेकू देऊन चिकटलेला नर, चोचीच्या अगदी टोकाला लालसर उंबर, डोळ्यात ठिणगी. एक पीससुद्धा अस्पष्ट नाही. मी तिला म्हटलं, तसा काही खास नाही.

तर तो वैशाख. एका संध्याकाळी तात्यांचा गुडघा धरला. उद्या दुपारी कालव्याच्या पाण्याची पाळी आमच्याकडं येणार होती, त्याआधी त्यांना झाडांची फेरी उरकायची होती. अंगणात बसून त्यांनी चिखल कालवला आणि घमेलं माझ्यापुढं सरकवलं. "तिसऱ्या आंब्याचं वरचं ठिगाळ वाळून तडकलंया. चांगली बोटभर भेग पडलीया. तेवढी बुजवून ये. औषध संपलंय, उद्या आनतो. आज नुसता चिखूल लाव."

मी शिडी लावून चढले. खाली पाट कोरडा होता, वर हिरव्या कैऱ्या माझ्या कानाला लागत होत्या. ठिगळ तळहाताएवढं होतं, खरबरीत, आणि मधोमध उभी भेग. ते खरबरीत का आहे, बाकीच्यांसारखं थापीनं गुळगुळीत केलेलं का नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटलं, तात्यांचं लिंपण. तात्यांना वाटत होतं, गेल्या खेपेला औषध मारायला आलेल्या गड्यानं लिंपलं असेल. आमच्याकडं झाडाच्या भोकावर चिखल दिसला तर तो माणसानंच लावलेला असणार, याबद्दल कुणाला शंकाच येत नाही. थापी मी अंगणात विसरले होते. चार बोटांनी चिखल ओढला, अंगठ्यानं दाबला, भेग बुजवली. गळ्यात कॅमेरा होता, त्याला चिखल लागू नये म्हणून तो मी पाठीवर फिरवून घेतला होता, हेही आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवरच्या उंबराखाली बसले होते. नर आला, त्यानं फळं घेतली, आणि उडून समोरच, माझ्या डोळ्यांदेखत, तिसऱ्या आंब्याच्या खोडावर जाऊन चिकटला. इतके दिवस तो खोडावर बसलेला मी पाहिला नव्हता. मी फोटो काढत सुटले. त्यानं गळ्यातून एक उंबर वर काढलं, चोचीच्या टोकाला आणलं, खोडाला लावलं. उंबर खाली पडलं. त्यानं दुसरं काढलं. ते लावलं, तेही पडलं. मग तो चोचीनं खोडावर ठोकायला लागला. उडाला, वळसा घालून परत आला, पुन्हा ठोकलं, ओरडला. मला वाटलं किडे काढतोय. मी मनात म्हणत होते, थांब, अजून थोडा थांब, मान जरा इकडं कर. आणि तो थांबत होता. वीस मिनिटं थांबला. आयुष्यात कुठलं पाखरू माझ्यासाठी इतकं थांबलं नाही.

आठ वाजता काकूच्या डोळ्यात औषध घालायचं होतं म्हणून मी घरी आले. नवं घबाड मिळाल्यासारखी मी खूश होते. काकू पडवीत बाजेवर पडली होती. औषध घालून मी तिच्या पायाशी बसले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघायला लागले.

"आज त्यो लई वरडतुया गं," डोळे मिटूनच काकू म्हणाली. "रोज येतो, गप फळ देतो आन जातो वाटतं. आज कुनी मेल्यावानी करतुया."

मी फोटो मोठा करून बघत होते. डोळा, चोच, चोचीतलं उंबर. आणि उंबराच्या मागं, नराच्या छातीजवळ, ताजा चिखल. त्यात चार बोटांनी ओढलेल्या चार रेघा आणि खाली एक अंगठा. तात्या थापी वापरतात. ही बोटं माझी होती.

पडवीतून आंब्यापर्यंत मी कशी पळाले ते आठवत नाही. चपला पडवीतच राहिल्या होत्या, आणि हातात काकूचं उलथनं होतं. शिडी रात्रभर तिथंच होती. खोडाला कान लावला तर आतून आवाज येत होता. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक. वरचा चिखल सुकून घट्ट झाला होता. उलथनं आत जाऊन तिलाच लागेल या भीतीनं मी ते टाकून दिलं आणि नखांनी खरवडायला लागले. चार रेघा गेल्या, अंगठा गेला, जुन्या भेगेची कड लागली. मी बोट आत घातलं आणि आतून कुणीतरी त्याला कडाडून चावलं. रक्त आलं. मी शिडीवर उभी राहून रडायला लागले, आणि ते दुखलं म्हणून नव्हतं.

कदाचित तिनं स्वतःच ते फोडलं असतं. पण तात्यांकडचं औषध त्याच दिवशी संपलेलं होतं, एवढ्याच एका गोष्टीवर ती जिवंत होती. औषधाचा बोळा असता तर मी तोही त्या भेगेत तितक्याच निगुतीनं कोंबला असता.

तात्या लंगडत आले. मी खाली उतरून त्यांना सगळं सांगितलं. "रोज इचारते मी दवाखान्यात. बटन दाबायच्या आदी रोज इचारते. हितं न्हाय इचारलं."

"काय इचारतीस?"

"आत कुनी राहिलंय का म्हनून."

तात्यांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा मागून घेतला आणि फोटो डोळ्यांजवळ धरून पुष्कळ वेळ बघितला. "बोटं तुजी," ते म्हणाले, "पर सांगनारा मीच. दोगांची हायती म्हन."

खरी परीक्षा त्यानंतर होती. नर निघून गेला होता. दहा वाजले, बारा वाजले, तो आला नाही. मादी आदल्या संध्याकाळपासून उपाशी. बाहेर ऊन असं की पाटातली माती चटका देत होती. तो परत आलाच नाही तर? तिनं दार बंद केलं असं समजून त्यानं नाद सोडला असेल तर? एक फळ मी स्वतः भेगेशी धरून पाहिलं. तिनं घेतलं नाही. माझ्या हातचं ती का घेईल?

दुपारी कालव्याचं पाणी वाटून देणारा पाटकरी पाळी सांगायला आला. पाटाचं पाणी त्याच आंब्याखालून जातं. पाणी आलं की खोरी घेऊन माणसं आली, पाटाची दारं मोडणं-बांधणं आलं, आरडाओरडा आला. वैशाखातली पाळी सोडायची म्हणजे ऊस पुढच्या पाळीपर्यंत तहानलेला ठेवायचा. तात्यांनी आयुष्यात कधी पाळी सोडली नव्हती. पाण्यासाठी त्यांनी सख्ख्या मेव्हण्याशी दोन वर्षं अबोला धरलेला मला माहीत आहे. ते पाटकऱ्याला म्हणाले, "आज आमी न्हाय घेत. फुडच्याला दे."

"तात्या, बरं हाय न्हवं तुमास्नी?" पाटकऱ्यानं विचारलं.

"व्हय. घरात बाळतीन हाय."

पाटकरी पडवीतल्या सत्तरीच्या काकूकडं बघत बघत गेला. काकू त्या दिवसभरात तेवढी एकदाच हसली.

आम्ही तिघं पडवीतच बसून राहिलो. काकूला दिसत नव्हतं, म्हणून तीच सगळ्यांत नीट ऐकत होती. आम्हाला नुसता वारा ऐकू येई तेव्हा ती म्हणे, "घार हाय ती." पुन्हा थोड्या वेळानं, "ही बी घारच." ऊन कलल्यावर तिनं हात वर केला. "गप बसा. आला."

तो आला. आधी उंबरावर बसला. मग चौथ्या आंब्यावर. तिथून मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिला. मग तिसऱ्याच्या खोडाला येऊन चिकटला आणि ठोकलं नाही, फक्त चोच पुढं केली. भेगेतून दुसऱ्या चोचीचं टोक बाहेर आलं आणि उंबर आत गेलं. त्यानं दुसरं काढलं, तेही आत गेलं. सात फळं गेली. ती सात आम्ही काकूला एकेक करून मोठ्यानं सांगितली.

माझा तो फोटो, ज्याच्यासाठी मी आले होते, माझ्यासमोर होता. ऊन बरोबर होतं, अंतर बरोबर होतं. कॅमेरा मांडीवर होता. मी तो उचलला नाही. त्यात काही मोठेपणा नव्हता, माझी हिंमतच झाली नाही.

रजा संपली, मी परत आले. ज्येष्ठात एका दुपारी दवाखान्यात तात्यांचा फोन आला. "बाई बाहीर आली गं. दोन पोरं घिऊन. ऐक." त्यांनी फोन झाडाकडं धरला असावा. खरखर, वारा, आणि मग ती किरकिरी तक्रार, आता बारीक-मोठ्या चार गळ्यांतून. बाहेर पेशंटची रांग होती. मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले.

गेल्या रविवारी मी निरवांगीला गेले होते. तिसऱ्या आंब्याच्या ढोलीचं तोंड यंदाही लिंपलेलं आहे, तिकडं घमेलं घेऊन कुणी जात नाही. पण पाचव्या आंब्याची एक फांदी वादळात मोडली, तिथं नवीन भोक पडलंय. तात्या आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, तरी शिडीवर तेच चढले. मी खाली शिडी धरून उभी होते. वर गेल्यावर त्यांनी चिखलाला हात लावला नाही. थापीच्या दांड्यानं खोडावर तीनदा ठोकलं, तोंड भोकाजवळ नेलं आणि विचारलं, "आत कोन राहिलंय का?"

मग त्यांनी खोडाला कान लावला. घमेल्यातला चिखल कडेनं सुकायला लागला होता. तात्या डोळे मिटून ऐकत होते, आणि मी शिडी धरून थांबले होते.